निळ्या हातांचा कलावंत

इ. स. १८७६ च्या वसंत ऋतूतील गोष्ट. इंग्लंडमधील लीक या लहानशा गावी रेशीम रंगविण्याचे कारखाने होते. त्यांपैकी टॉमस वार्डल याच्या रंगशाळेत एक धिप्पाड गृहस्थ मुक्कामाला आला होता. अंगात कामकऱ्याचा सैल डगला, पायांत लाकडी जोडे, डोक्यावर विस्कटलेले दाट केस आणि भरघोस दाढी अशा थाटात तो रंगाच्या पिंपावर तासन् तास वाकून उभा राही. लोकरीच्या लडी तो रंगात बुचकळी, वर काढी, उजेडात धरून पाही आणि पुन्हा बुचकळी. काम संपे तेव्हा त्याचे हात निळेशार झालेले असत आणि कितीही धुतले तरी तो निळेपणा जात नसे. अनोळखी माणसाने त्याला रंगारीच समजावे, असा तो दिसे. प्रत्यक्षात हा गृहस्थ लंडनमधील एका नावाजलेल्या कलाव्यवसायाचा मालक होता आणि कवी म्हणून साऱ्या इंग्लंडात त्याची कीर्ती पसरली होती. त्याचे नाव विल्यम मॉरिस.

बेचाळीस वर्षांच्या या सुखवस्तू माणसाने रंगाऱ्याच्या पिंपाशी उमेदवारी का करावी?

विल्यमचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळील वॉल्थमस्टो या गावी झाला. त्याचे वडील लंडनमध्ये हुंड्यांची दलाली करीत. पुढे डेव्हन परगण्यातील एका तांब्याच्या खाणीत त्यांनी पैसा गुंतविला आणि ते चांगलेच श्रीमंत झाले. घराजवळ एपिंगचे मोठे अरण्य होते. लहानगा विल्यम तट्टावर बसून त्या अरण्यात भटके. पाने, फुले, पक्षी यांची नावे त्याला पाठ होती. त्या रानाच्या कडेला, चिंगफर्ड येथे, एलिझाबेथ राणीच्या नावाने ओळखले जाणारे एक जुने शिकारघर होते. त्यातील एका खोलीच्या भिंतींवर हिरव्या पानांचे विणलेले पडदे टांगलेले होते. शेकडो पावसाळे पाहिलेल्या त्या पडद्यांचे रंग विटून गेले होते. तरी खोलीत पाऊल टाकताच त्या मुलाला आपण रानातच उभे आहोत असे वाटे. पन्नाशीच्या घरात आल्यावरही मॉरिस त्या खोलीची आठवण काढी.

विल्यम तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. पुढे मार्लबरोची शाळा आणि १८५३ साली ऑक्सफर्डचे एक्सेटर कॉलेज असे त्याचे शिक्षण झाले. धर्मोपदेशक व्हावे, असा त्याचा विचार होता. कॉलेजात त्याला एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र भेटला. १८५५ च्या सुट्टीत दोघांनी उत्तर फ्रान्समधील जुनी मंदिरे पायी हिंडून पाहिली. त्या प्रवासात दोघांचेही बेत बदलले. बर्न-जोन्सने चित्रकार व्हायचे ठरविले आणि मॉरिसने वास्तुशिल्पी. खाणीच्या भागांवर मॉरिसला वर्षाला सुमारे ९०० पौंड मिळू लागले होते, त्यामुळे त्याला पोटाची चिंता नव्हती. अर्थात् वास्तुशिल्पाच्या कचेरीत तो वर्षभरही टिकला नाही.

त्या काळी इंग्लंडात यंत्रांचे राज्य सुरू झाले होते. १८५१ साली लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा सतरा वर्षांचा मॉरिस आत पाऊल टाकायलाही तयार झाला नाही, असे सांगतात. यंत्रातून भराभर निघणाऱ्या, नक्षीने बटबटलेल्या वस्तूंचा त्याला तिटकारा होता. १८५६ साली तर कापडाच्या जगात एक मोठी उलथापालथ झाली. विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करीत होता. हिवतापावरचे क्विनीन आपल्याला प्रयोगशाळेत बनविता येईल, अशी त्याला आशा होती. क्विनीन काही साधले नाही, पण काचपात्रात जांभळा रंग मात्र मिळाला. त्या शोधामागून डांबरापासून काढलेल्या रंगांची रांगच लागली. हे रंग स्वस्त होते, झटपट चढत आणि डोळ्यांत भरत. झाडपाला, मुळे आणि साली उकळून रंग काढणारे जुने रंगारी एकामागून एक आपली पिंपे मोडू लागले. हजारो वर्षे बापाकडून मुलाकडे आलेली विद्या वीस वर्षांत नाहीशी होण्याच्या बेताला आली.

मॉरिसचे लक्ष कापडाकडे वळले ते भरतकामामुळे. १८५७ साली त्याने एक जुन्या पद्धतीची चौकट बनवून घेतली, फ्रेंच रंगाऱ्यांकडून लोकर रंगवून आणविली आणि स्वतः सुई हातात घेतली. जवसाच्या झाडाच्या धाग्यांपासून जे कापड होते त्याला लिनन म्हणतात. तशा लिननवर त्याने फळांनी लगडलेली झाडे आणि उडणारे पक्षी जाड लोकरीने भरले. मला जमेल तेवढे मी करीन, अशा अर्थाचे शब्दही त्याने त्यावर ओळीने भरले. टाके ओबडधोबड होते. शिकविणारे कोणी नव्हतेच. पुरुषांनी सुई धरावी ही गोष्ट त्या काळी हसण्यासारखी वाटे. पण मॉरिसने तिकडे लक्ष दिले नाही. बिऱ्हाडात घरकाम करणाऱ्या मेरीलाही त्याने भरतकामाला बसविले.

१८५९ साली त्याने जेन बर्डन हिच्याशी विवाह केला. जेनचे वडील ऑक्सफर्डमध्ये घोड्यांच्या तबेल्यात कामाला होते. मॉरिस श्रीमंताचा मुलगा आणि ती मोतद्दाराची मुलगी. परंतु भरतकामात ती लवकरच पारंगत झाली. या दोघांनी शिकण्याची एक विलक्षण रीत काढली. जुन्या भरतकामाचे तुकडे ते मिळवीत आणि टाका टाका करून उसवीत. कोणता धागा कोठून आला, खाली कोणता, वर कोणता, हे उसवताना कळे. मेलेल्या कारागिरांचे हात त्या धाग्यांतून त्यांना धडे देत होते. हे काम फार चिकाटीचे होते. आपल्याकडे आजीची जुनी चोळी उसवून तिच्यावरून नवी बेतणाऱ्या मुलींना त्याची कल्पना येईल.

लंडनबाहेर बेक्सलीहीथ येथे मॉरिसचा मित्र फिलिप वेब याने या जोडप्यासाठी लाल विटांचे घर बांधले. घर झाले, पण भिंती उघड्या होत्या. बाजारातले कोणतेही कापड मॉरिसच्या मनास येईना. एके दिवशी जेनला लंडनच्या एका दुकानात निळीने रंगविलेल्या सर्जच्या कापडाचा तुकडा सापडला. साधे, जाडेभरडे, स्वस्त कापड. पण त्याचा निळा रंग खोल आणि शांत होता. तो पाहून मॉरिस आनंदून गेला. त्याने लागलीच त्यावर डेझीच्या फुलांची झुडपे रेखाटली. ही झुडपे त्याने ब्रिटिश म्यूझियममधील एका जुन्या सचित्र हस्तलिखितात पाहिली होती. दोघांनी मिळून ती पांढऱ्या, पिवळ्या, लाल लोकरीने भरली आणि शयनगृहाच्या भिंतींवर तो पडदा चढला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. युरोपात त्या काळी जाणारी नीळ बहुतांशी हिंदुस्थानातून, विशेषतः बंगाल आणि बिहारमधून जाई. जेनने तो पडदा भरला त्याच सुमारास, १८५९ आणि १८६० साली, बंगालमधील शेतकरी निळीच्या मळेवाल्या गोऱ्या साहेबांविरुद्ध उठले होते. भाताच्या जमिनीत जबरदस्तीने नीळ पेरावयास लावीत आणि पदरात पुरता मोबदलाही पडत नसे, हे त्यांचे दुःख होते. पिंपातील निळ्या रंगामागे असा घामही असे.

लाल घर सजविता सजविता मॉरिस आणि त्याचे मित्र यांनी १८६१ साली एक मंडळी स्थापन केली. रंगीत काचा, लाकडी सामान, भिंतींचे कागद, भरतकाम अशी कामे ही मंडळी घेई. काही वर्षांनी ते घर सोडावे लागले. १८७५ साली मॉरिसने मंडळी आपल्या एकट्याच्या मालकीची केली. धंदा वाढला, पण रंगांचे दुखणे कायम होते. विकत मिळणारी रंगीत लोकर आणि रेशीम सुरुवातीला भडक दिसे आणि काही वर्षांत उन्हाने मळकट, केविलवाणी होऊन जाई. केल्म्स्कॉट या खेड्यात मॉरिसने १८७१ पासून जुने घर भाड्याने घेतले होते. त्या घराच्या एका दालनात सॅमसनच्या कथेची सतराव्या शतकातील विणलेली चित्रे टांगलेली होती. तीही विटलेली होतीच. पण त्यांचे निळे, करडे, हिरवट रंग विटूनही एकमेकांशी नाते राखून होते. वनस्पतींचे रंग म्हातारे होतात ते शोभेने, हे मॉरिसने ओळखले. तसे रंग पुन्हा आणावयाचे, तर ते करणार कोण? म्हणून तो लीकला गेला.

तेथे त्याने प्लिनीसारख्या प्राचीन लेखकाचे ग्रंथ, जेरार्डचा वनस्पतिकोश, जुनी फ्रेंच हस्तपुस्तके असे जे मिळेल ते वाचले आणि वाचलेले दुसऱ्या दिवशी पिंपात घालून पाहिले. तांबड्यासाठी मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची जणू बहीणच. तिची मुळे कामास येत. पिवळ्यासाठी वेल्ड नावाचे झुडूप. तपकिरीसाठी अक्रोड. एकदा तर पॉप्लर झाडाच्या कोवळ्या डहाळ्या उकळून त्याने सुरेख पिवळा रंग काढला. नुसता रंग धाग्याला धरत नाही. त्यासाठी धागा आधी तुरटीसारख्या रंगबंधक द्रव्यात भिजवावा लागतो. हे प्रमाण थोडे चुकले तरी सारी लोकर वाया जाई आणि मॉरिसचा संताप अनावर होई. तो रागीटच होता. वार्डलला त्याने पत्रांमागून पत्रे धाडली. हा लाल उतरला नाही, हा पिवळा धुण्यात गेला, हे पुन्हा करा, अशा तक्रारींनी ती भरलेली असत. वार्डलने ते सारे सोसले, कारण त्यालाही या विद्येचे वेड होते. पुढे हिंदुस्थानातील टसर रेशीम रंगविण्याची रीत शोधून काढण्यात त्याने नाव मिळविले.

सर्वांत हट्टी निघाली ती नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. कोंडा, चुना वगैरे घालून तिचे पिंप आंबवावे लागते. नीट आंबले म्हणजे आतील पाणी हिरवट पिवळे होते. त्यात बुडविलेले कापड वर काढले की ते आधी पिवळट दिसते. मग वारा लागताच पाहता पाहता हिरवे होते आणि अखेर निळे. हा चमत्कार हवेतील प्राणवायूचा. पण पिंप थंड झाले, अधिक आंबले किंवा कमी आंबले, तर रंग बिघडतो. आजारी माणसाजवळ बसावे तसे रंगाऱ्याला पिंपाजवळ बसावे लागते. मॉरिसने १८७३ साली ट्यूलिपची फुले आणि वाळुंजाची पाने यांची एक नक्षी काढली होती. ती दुसऱ्या एका कारखान्यात रासायनिक निळ्या रंगात छापून आली, तेव्हा त्याला ती मुळीच आवडली नाही. खऱ्या निळीत छापता येईल तेव्हाच ती करावयाची, असे त्याने ठरविले. त्यासाठी दहा वर्षे गेली.

मधल्या काळात त्याने आणखी एक उद्योग आरंभिला. विणलेल्या भिंतीचित्रांना टॅपेस्ट्री म्हणतात. उभ्या मागावर ताणा लावून एकेका रंगाची लोकर बोटांनी ओवीत चित्र विणण्याची ही कला इंग्लंडातून जवळजवळ नाहीशी झाली होती. शिकविणारा कोणी नव्हता. अठराव्या शतकातील एका फ्रेंच हस्तपुस्तकावरून मॉरिसने ती शिकावयाचे ठरविले. हॅमरस्मिथ येथील आपल्या घरात त्याने निजावयाच्या खोलीतच माग बसविला. पहाटे उजाडले की तो मागावर बसे. विणणारा चित्राच्या पाठीमागे असतो, म्हणून पुढची बाजू आरशात पाहावी लागे. १८७९ च्या मे महिन्यात त्याने काम सुरू केले आणि सप्टेंबरात द्राक्षवेल व मोठमोठी कुरळी पाने यांचे चित्र पुरे केले. किती वेळ लागला त्याची नोंद त्याने रोज ठेविली होती. एकूण ५१६ तासांहून अधिक! पाने फुगून कोबीसारखी दिसत होती, म्हणून घरात त्या चित्राला कोबीचे चित्र असे नाव पडले.

१८८१ साली मॉरिसने लंडनच्या दक्षिणेस मर्टन ॲबी येथे वँडल नदीच्या काठी कापडाचा जुना कारखाना घेतला. तेथील पाणी मंजिष्ठेच्या रंगाला मानवणारे होते. निळीची खोल पिंपे त्याने जमिनीत बसविली. आधी सारे कापड निळीत गडद रंगवावयाचे, मग लाकडी ठशांनी त्यावर रंग उडविणारे द्रव्य छापून नक्षीपुरता निळा रंग काढावयाचा आणि त्या मोकळ्या जागी तांबडा व पिवळा भरावयाचा, अशी ही किचकट रीत होती. १८८३ साली ती साधली. ट्यूलिप आणि वाळुंजाची नक्षी अखेर निळीत उतरली. त्याच वर्षी मॉरिसची सर्वांत गाजलेली नक्षी छापली गेली. केल्म्स्कॉटच्या बागेत थ्रश पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेरी पळवीत. माळी त्यांच्या माना मुरगळायला निघे, पण एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही, अशी मॉरिसची ताकीद होती. तेच चोर त्याने कापडावर आणले. गडद निळ्या पार्श्वभूमीवर चोचीत तांबडे फळ धरलेले ते पक्षी आजही ओळखू येतात. एका नक्षीला तर चौतीस ठसे लागत.

मर्टनला टॅपेस्ट्रीचे मागही लागले. जॉन हेन्री डर्ल हा मंडळीच्या दुकानात लागलेला मुलगा. त्याला मॉरिसने स्वतः विणकाम शिकविले. १८८७ साली तयार झालेल्या अरण्याच्या चित्रात सिंह, कोल्हा, ससा, मोर आणि कावळा आहेत. प्राणी वेबने काढले, दाट पानांची वीण मॉरिसची. चिंगफर्डच्या खोलीतील हिरव्या भिंती पाहिलेल्या मुलानेच ती काढावी, यात नवल नाही. भरतकामाचा विभाग १८८५ पासून त्याची धाकटी मुलगी मे हिने सांभाळला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

इतके यश मिळूनही मॉरिस सुखी नव्हता. हातांनी केलेले काम महाग पडे. एका लोखंडाच्या कारखानदाराच्या घरासाठी त्याने आणि बर्न-जोन्सने लिननवरील लांबलचक भरतकामाची चित्रे काढून दिली. त्या घरच्या गृहिणीने आणि मुलींनी ती आठ वर्षे खपून भरली. तेवढी सवड गरिबाला कोठून असणार? त्याच घरी काम चालू असताना मॉरिस संतापून येरझारा घालू लागला आणि आपले आयुष्य श्रीमंतांचे चोचले पुरविण्यात चालले आहे, असे त्याने यजमानाला तोंडावर ऐकविले. त्याचे स्वतःचे हातही अगदी स्वच्छ होते असे नाही. ज्या खाणीच्या पैशावर त्याचे शिक्षण झाले, तीतून पुढे सोमल हे विष मोठ्या प्रमाणावर निघू लागले आणि त्याच्या आरंभीच्या भिंतकागदांच्या हिरव्या रंगात सोमल असे. १८७५ साली त्याने त्या खाणीचे संचालकपद सोडले. १८८३ पासून तो कामगारांच्या चळवळीत शिरला आणि लंडनच्या चौकाचौकांत पाऊस-थंडी न पाहता व्याख्याने देऊ लागला. कामकऱ्याला कामात आनंद मिळाला पाहिजे, हे त्याचे म्हणणे असे. आपल्या कारखान्यातील महाग पडद्यांचे कोडे मात्र त्याला अखेरपर्यंत सुटले नाही.

जुन्या कापडांवरील त्याचे प्रेम कमी झाले नाही. १८९३ साली इराणमधील अर्दबिलचा प्रचंड गालिचा विकावयास निघाला, तेव्हा तो लंडनच्या संग्रहालयाने घ्यावाच, अशी शिफारस त्याने केली. २००० पौंडांना तो गालिचा घेतला गेला.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी हॅमरस्मिथ येथे मॉरिसचा अंत झाला. तीन दिवसांनी केल्म्स्कॉटच्या लहानशा स्मशानात त्याला पुरले. शवपेटी नेण्यासाठी शेतातली एक गाडी आणली होती. ती वाळुंजाच्या डहाळ्यांनी आणि वेलींनी सजविलेली होती. त्या दिवशी पाऊस पडत होता. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील कारखान्यात बनविलेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत बंगाल-बिहारचे निळीचे मळे ओस पडू लागले.

जेनने १९१३ साली केल्म्स्कॉटचे घर विकत घेतले. पुढे मे तेथे १९३८ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत राहिली. दोघा नवशिक्यांनी डेझीची फुले भरलेला तो निळ्या सर्जचा पडदा त्या घरात अजून जपून ठेवलेला आहे.